कागदी लॉटरी: छापील किमतीच्या पलीकडचा खर्च

लॉटरीचं तिकीट घ्यायला घरात संगणक लागत नाही, कधीच लागला नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 साली सुरू झाली आणि आजही कागदी तिकिटावरच चालते. घरोघरी इंटरनेट येण्याआधी पालघर-बोईसरची माणसं जे सांभाळून खेळायची, ते आजही जसंच्या तसं सांभाळावं लागतं. कुठे पैसे जातात, एवढंच इथे सांगते.

तिकीट फक्त स्टॉलवरच्या विक्रेत्याकडून आणि डोळ्यांसमोर घ्या. कंपनीच्या गेटवर, शेअर रिक्षात किंवा कुणा ओळखीच्या माणसाच्या वहीतून घेऊ नका. वहीत आकडा लिहून चिठ्ठी देतात तो मटका. त्याचा राज्य लॉटरीशी काही संबंध नाही, पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही आणि पोलिसांची धाड पडली तर तुम्हीही अडकता.

तिकीट हातात आलं की पैसे देण्याआधी वाचा: कोणत्या राज्याचं, सोडत कोणत्या तारखेची, मालिका आणि क्रमांक स्वच्छ छापलाय का, मागच्या बाजूला काय अटी आहेत. राज्याचं नाव सगळ्यात आधी बघा. पूर्वी स्टॉलच्या दोरीवर चार-पाच राज्यांची तिकिटं शेजारीशेजारी लटकायची आणि घेणारा फक्त बक्षिसाचा आकडा बघायचा. दूरच्या राज्याचं तिकीट असेल तर मोठ्या बक्षिसासाठी त्या राज्याच्या कार्यालयाशी व्यवहार करावा लागतो. आपल्या राज्याची सोडत वाशीला होते, कार्यालयही तिथेच. बोईसरहून निघालात तरी एका दिवसात जाऊन येता येतं.

पैसे छापील किमतीइतकेच द्या. ‘जीएसटी वेगळा’ असं कुणी म्हणालं तर तिकीट परत करा. 22 सप्टेंबर 2025 पासून लॉटरीवर 40 टक्के जीएसटी आहे, पण तो छापील किमतीतच धरलेला असतो. 100 रुपयांच्या तिकिटात साडेअठ्ठावीस रुपये कर असतो, हे माहीत असू द्या. ‘लकी नंबर’ म्हणून दहा-वीस रुपये जास्त मागतात, तेही देऊ नका. ठरावीक क्रमांकाला जास्त शक्यता नसते. दर आठवड्याला 50 रुपयांची पाच तिकिटं घेतलीत तर वर्षाला 13,000 रुपये होतात. हा हिशेब पगाराच्या दिवशीच करा, सोडतीच्या दिवशी नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिकीट घेतल्याबरोबर स्टॉलवरच उभं राहून मागच्या बाजूला नाव, पत्ता आणि सही करा. बॉलपेननेच, शाईने नाही; आपल्याकडच्या पावसात शाई टिकत नाही. बिनसहीचं तिकीट ज्याच्या हाती, दावा त्याचा. माझ्या वडिलांचं तिकीट शर्टाच्या खिशात राहिलं आणि कपड्यांबरोबर धुतलं गेलं. वाळल्यावर मालिकेची अक्षरं दिसत होती, क्रमांकातले शेवटचे दोन आकडे पार पुसले होते. त्या दिवसापासून ते तिकीट रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवायचे आणि क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर, सोडतीच्या तारखेच्या चौकटीत लिहायचे. ही सवय उचला. फोनमधला फोटो आठवणीला चालतो, पण बक्षीस मूळ तिकिटावरच मिळतं. फाटलेलं, चिकटवलेलं, खाडाखोड केलेलं तिकीट नाकारलं जाऊ शकतं.

एमआयडीसीतल्या पाळीत दहाजण मिळून तिकिटं काढत असाल तर एक वही ठेवा. तारीख, क्रमांक, कुणी किती दिले, प्रत्येकाची सही. दावा सहसा एकाच्याच नावाने होतो, पैसे त्याच्याच खात्यात येतात आणि करही त्याच्याच पॅनवर कापला जातो. त्यामुळे वाटणी करवजा रकमेची, हे आधीच लिहून ठेवा. वही नसेल तर बक्षीस लागल्यावर पाळीतली मैत्री उरत नाही, हे मी जवळून पाहिलंय.

निकाल बघायची जुनी रीत अशी होती: दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र, किंवा स्टॉलवर पुठ्ठ्याला क्लिपने लावलेला निकालाचा कागद. रात्रपाळी सुटलेली माणसं बोट फिरवत आकडे लावायची. या रीतीत एक खोट होती, ती आजही आहे: तिकीट विक्रेत्याच्या हातात देऊन ‘बघा हो लागलंय का’ म्हणणं. असं करू नका. तुम्ही क्रमांक वाचा, त्याने कागद बघावा. तिकीट तुमच्याच हातात राहू द्या. छापील निकालातही चूक होऊ शकते, म्हणून नंबर हुकला तरी सरकारी निकाल बघितल्याशिवाय तिकीट फाडू नका. फक्त पहिलं बक्षीस बघून थांबू नका. शेवटच्या चार आकड्यांवरची छोटी बक्षिसं सगळ्यात जास्त विसरली जातात.

छोटं बक्षीस स्टॉलवर मिळतं. रोख मागा. त्याऐवजी नवी तिकिटं पुढे केली जातात, ती घ्यायची सक्ती नाही. ‘सुटे नाहीत’ म्हणून पाच-दहा टक्के कापणंही चालू देऊ नका.

मोठ्या बक्षिसासाठी वाशी. पालघर-बोईसरहून लोकलने दादर, तिथून मध्य रेल्वेने कुर्ला, पुढे हार्बरने वाशी. एक खाडा धरूनच निघा. सोबत मूळ तिकीट, त्याच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स, पॅन, आधार, फोटो, बँक पासबुक आणि पावतीसाठी 1 रुपयाचं महसूल तिकीट ठेवा. दाव्याची मुदत तिकिटामागे छापलेली असते. ती टळली की रक्कम सरकारजमा होते, 1998च्या लॉटरी कायद्यातच तशी तरतूद आहे. तिकीट जमा केल्याची पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका.

10,000 रुपयांच्या वरच्या बक्षिसातून 30 टक्के आयकर आधीच कापला जातो. 1 लाख लागले तर हाती 70,000. विवरणपत्र भरताना करावर 4 टक्के उपकर, म्हणजे आणखी 1,200 रुपये. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा या रकमेला लागत नाही आणि वर्षभर घेतलेल्या तिकिटांचा खर्चही वजा होत नाही. कर कापल्याचा दाखला मागून घ्या.

तिकीट लागल्याची बातमी पसरली की ‘मला विका, 80,000 रोख देतो’ म्हणणारा भेटेल. 70,000 पेक्षा ते जास्त वाटतात, पण त्याला तुमच्या तिकिटाआडून काळा पैसा पांढरा करायचा असतो आणि चौकशीत तुमचं नाव निघतं. दुसरा भेटेल तो ‘फाईल लवकर सरकवतो’ म्हणणारा. त्याला तिकीट दाखवूसुद्धा नका. न घेतलेल्या तिकिटावर 25 लाख लागल्याचा फोन आला आणि ‘प्रोसेसिंग फी’ मागितली, तर एक रुपयाही भरू नका, 1930 वर तक्रार करा. पैसे आधीच गेले असतील तर त्याच तासाला फोन लावा. रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवलं तरच ती वाचण्याची आशा असते.