बिऱ्हाडकरू की गोदापुत्र?

प्रश्न : आमचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. जुन्या नाशकातले वाडे, घाट, बोळ यांचे फोटो आणि आठवणी आम्ही तिथे टाकतो. निम्मी माणसं नाशकात आहेत, बाकीची पुणे, मुंबई, दुबई अशी पांगलेली. ग्रुप वाढला आणि आता वाद सुरू झालाय की आपण स्वतःला म्हणायचं काय? ‘सदस्य’ कोरडं वाटतं. एकाने ‘गोदापुत्र’ सुचवलं, त्यावर बायका उखडल्या. ‘नाशिकप्रेमी’ आणि ‘फॅमिली’ही सुचवून झालं. एक गृहस्थ गमतीने सगळ्यांना ‘बिऱ्हाडकरू’ म्हणतात. मतदान घ्यावं का? आपल्याकडे इतरांनी अशा वेळी काय केलं?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : मतदान घेऊ नका. घेतलंत तर ‘गोदापुत्र’ला किती, ‘नाशिकप्रेमी’ला किती हे कळेल आणि हरलेले लोक जिंकलेलं नाव कधीच तोंडात घेणार नाहीत.

इतरांनी काय केलं, याचं उत्तर मात्र झकास आहे. इंटरनेटवर मराठी माणसं जमायला लागली त्याला आता तीन दशकं होत आली. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ अमेरिकेतून १९९६च्या गणेश चतुर्थीला सुरू झालं. तिथे लिहिणारे-वाचणारे स्वतःला ‘मायबोलीकर’ म्हणवतात. गंमत बघा, मायबोली हे काही गाव नव्हे. पण पनवेलचा तो पनवेलकर तसा मायबोलीचा तो मायबोलीकर, असं म्हणत लोकांनी एका संकेतस्थळाला वेस, पार आणि चावडीसकट गावच करून टाकलं. पुढे २००७मध्ये ‘मिसळपाव’ आलं. ‘मिसळपावकर’ म्हणायला तोंडात घास असल्यासारखं वाटतं, म्हणून ‘मिपाकर’ झालं. ‘मनोगत’वाल्यांनी वेगळी वाट धरली, ते झाले ‘मनोगती’.

नावाबरोबर बाकीचा संसारही आला. मायबोलीकर भेटले की ते ‘गटग’, मिपाकर भेटले की ‘कट्टा’. नुसतं वाचून गप्प बसणारा ‘रोमात’ असतो. तुमच्याही ग्रुपात असे असतीलच, दर ‘सुप्रभात’ला न चुकता निळी टिक देणारे आणि वर्षभर एक अक्षर न टाइप करणारे. नाव निवडताना त्यांचाही विचार करा, कारण संख्येने तेच जास्त असतात.

‘कर’ इतका का चालला, यावर माझं एक मत आहे. तो माणसाकडे फक्त पत्ता मागतो, भावना मागत नाही. ‘नाशिकप्रेमी’ म्हटलं की लगेच प्रेमाचा पुरावा द्यावा लागतो. मग गोदावरीच्या पात्रातल्या काँक्रीटबद्दल किंवा द्वारका चौकातल्या वाहतुकीबद्दल चार कडू शब्द बोलायची सोय राहत नाही. नाशिककर मात्र सकाळ-संध्याकाळ नाशिकला शिव्या देऊनही नाशिककरच राहतो. शिवाय हा प्रत्यय बाईला आणि पुरुषाला एकच लागतो, त्यामुळे तुमच्याकडे झाला तो वाद उद्भवतच नाही. आणि तो माणसाबरोबर गाव सोडून जातो. कुसुमाग्रजांचंच बघा. जन्म पुण्याचा, आडनाव शिरवाडकर, आणि शिरवाडे आपल्या निफाड तालुक्यातलं. तुमच्या दुबईकरांनी काळजी करू नये. (वर्तमानपत्रांना ‘नाशिकवासीय’ का लागतं, ते मला कधी उमगलेलं नाही. पाणीकपातीच्या बातमीतच तो शब्द भेटतो. बोलताना कोणी तो उच्चारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.)

दुसरी रीत म्हणजे कामावरून नाव. वारी करतो तो वारकरी. त्यात कुठल्या संताचं नाव नाही, जातीचं नाही, गावाचंही नाही. उलट रामदासी हे गुरूवरून पडलेलं नाव. या दोन्ही परंपरांचे धागे आपल्या जिल्ह्यात सापडतात. समर्थांची तपश्चर्या झाली ती शहरालगतच्या टाकळीला, आणि निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी, जिथे पौष वद्य एकादशीला दिंड्या येतात. त्या दिवशी त्र्यंबकच्या रस्त्यावर एक गोष्ट नीट ऐका. कोण हो तुम्ही, असं विचारलं तर उत्तर येतं ‘वारकरी’. पण गर्दीत पुढच्याला बाजूला व्हायला सांगताना कोणी ‘ओ वारकरी’ म्हणत नाही, म्हणतात ‘माउली’. बाहेरच्याला सांगायचं नाव एक आणि आपसात हाक मारायचा शब्द दुसरा. तुमच्या ग्रुपातला निम्मा घोळ इथेच आहे. ‘फॅमिली’ सुचवणाऱ्याला हाक हवी आहे, ‘गोदापुत्र’ सुचवणाऱ्याला बॅनरवर छापायला नाव हवंय, आणि दोघे एकमेकांशी भांडताहेत. हाकेपुरतं ‘मंडळी’ हा शब्द केव्हाचा तयार आहे. तो वापरा आणि ‘फॅमिली’ला रजा द्या.

आता नाव कोणी ठेवायचं, याबद्दल. इंग्रजीत ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्यांना जग ‘ट्रेकी’ म्हणायला लागलं, तेव्हा त्यातल्या काहींना तो शब्द टिंगलीचा वाटला आणि ते ‘ट्रेकर’चा आग्रह धरून बसले. हा वाद कित्येक वर्षं चालला. ते हौसेचं भांडण होतं. पण आपल्या जिल्ह्यातल्या एका माणसाने हाच प्रश्न थेट कायदेमंडळात नेला होता, आणि तिथे हौसेचा संबंध नव्हता. दादासाहेब गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहातले आघाडीचे नेते. १९३८च्या जानेवारीत मुंबईच्या कायदेमंडळात स्थानिक मंडळांच्या कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयक आलं. त्यात अस्पृश्य वर्गासाठी ‘हरिजन’ हा शब्द घातला होता. गायकवाडांनी त्याला हरकत घेतली. देवाची माणसं म्हणून गौरव केल्यासारखं दिसणारं ते नाव ज्यांना चिकटवलं जाणार होतं, त्यांना ते नको होतं, आणि त्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी समोर उभे राहून तसं सांगत होते. सरकारपक्षाने ऐकलं नाही. तेव्हा बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. पुढे १९७२मध्ये मुंबईतल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीवरून ‘दलित पँथर’ हे नाव घेतलं, तेव्हा त्यांनी कोणाची परवानगी काढली नाही.

तुमच्या ग्रुपाच्या बारशापाशी हा प्रसंग आणणं जड वाटेल, मलाही जरा वाटतंय. पण ‘गोदापुत्र’ला बायकांनी घेतलेली हरकत हसण्यावारी नेऊ नका, एवढ्यासाठी तो सांगितला. नाव कितीही गौरवाचं असलं तरी ज्याला ते लावायचं त्याने ‘नको’ म्हटलं की विषय संपला. ‘गोदापुत्र आणि गोदाकन्या’ असा तोडगाही काढू नका, प्रत्येक वेळी दोन्ही लिहिताना अंगठा दुखेल.

राहिलं काय? नुसतं ‘नाशिककर’ तुम्हाला घेता येणार नाही, ते लाखोंच्या मालकीचं आहे. ‘जुने नाशिककर’ म्हणाल तर सिडकोत वाढलेले लोक विचारतील, आम्ही काय काल आलो? आणि ‘जुनं नाशिक’ म्हटलं की भद्रकाली, दहीपूल, तिवंधा असा ठरावीक भागच डोळ्यांपुढे येतो. तुमचे निम्मे सभासद त्याबाहेरचे निघतील.

म्हणून माझं मत बिऱ्हाडकरूंना. तुम्ही वाड्यांचे फोटो टाकता, आणि वाड्यात राहायचं कोण, तर बिऱ्हाडकरू. चौकातला सामाईक नळ, जिन्याखालचा अंधार, ओसरीवर कोणाचं तरी वाळवण, कोणाची तरी कुरबुर. ग्रुपाचं रोजचं चित्र याहून वेगळं असेल असं वाटत नाही. शब्द बाईलाही चालतो, पुरुषालाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वास्तव्याचा दाखला तो मागत नाही, कारण बिऱ्हाडकरू तर बाहेरगावहूनच आलेला असायचा, बदलीच्या नोकरीतला किंवा शिक्षणासाठी खोली घेतलेला. क्रियापदंही आयती मिळतात. ग्रुपात आला की बिऱ्हाड केलं, सोडून गेला की बिऱ्हाड हलवलं, आणि गप्प वाचत बसणाऱ्याला ‘माळ्यावरचा’ म्हणा. सगळ्यात महत्त्वाचं, हा शब्द तुमच्यातल्याच एकाच्या तोंडून गमतीत निघालाय आणि त्यावर कोणी चिडलेलं नाही. महिनाभर त्याची घोषणा न करता तो नुसता वापरून बघा. इतरांनीही उचलला तर ठीक, नाही उचलला तर सोडून द्या.

एक अडचण दिसते. सभासद बिऱ्हाडकरू ठरले की ॲडमिन आपोआप घरमालक होतो, आणि त्या पदाची भुरळ पडायला वेळ लागत नाही. त्यांना आत्ताच सांगून ठेवा की भाडं थकलेलं असलं तरी गळकं छप्पर मालकानेच शाकारायचं असतं.