कोल्हापूर किती तासांवर आहे?
(मोटारीने येणाऱ्या भाविकांसाठी प्रवासवेळेचा हिशेब)



श्री करवीरनिवासिनी अंबाबाईच्या दर्शनास स्वतःच्या अथवा भाड्याच्या वाहनाने येणाऱ्या भाविकांकडून आमच्या कार्यालयात दूरध्वनीवर जो प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो, तो पूजेचा नसतो, अभिषेकाचा नसतो. "पुण्याहून किती तास लागतील?" हा तो प्रश्न. पूर्वी मी या प्रश्नास "चार तास" असे ठरीव उत्तर देत असे. ते देणे मी सोडले त्यास एक प्रसंग कारण झाला.

किरणोत्सवाचे दिवस होते. श्रींची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. दरवर्षी ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी ती श्रींच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात अशी परंपरा आहे. आकाश निरभ्र असेल तर हा सोहळा काही मिनिटांचाच असतो. पुण्याच्या एका कुटुंबाने आदल्या दिवशी मला तास विचारले, मी चार सांगितले. त्यांनी साडेपाचमधून चार वजा केले आणि पदरचा अर्धा तास धरून दुपारी एक वाजता घर सोडले. ते मंदिराच्या दाराशी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. बरोबर ऐंशी वर्षांच्या आजी होत्या. त्या कोणास काही बोलल्या नाहीत, शांतपणे दर्शन घेऊन परतल्या. चूक रस्त्याची नव्हती, चालकाचीही नव्हती. मी सांगितलेला आकडा रिकाम्या रस्त्याचा होता आणि त्या दिवशी रस्ता रिकामा नव्हता. त्यानंतर आधी मीच उलट विचारतो: कोणत्या दिवशी निघणार, किती वाजता, बरोबर कोण आहे आणि मंदिरात किती वाजता असावयास हवे? ही चार उत्तरे मिळाल्याखेरीज तासांचा आकडा सांगता येत नाही.

सरासरीची चकवणूक

बहुतेक जण किलोमीटरला वेगाने भागतात. पुणे ते कोल्हापूर सुमारे २३५ किलोमीटर, गाडी ताशी ८० ने चालते, म्हणजे तीन तासांच्या आत. भागाकार बरोबर आहे. पण गाडी ८० ने चालते तेव्हाचाच विचार त्यात आहे, चालत नाही तेव्हाचा नाही.

शाळेतील एक गणित येथे आठवावे. १२० किलोमीटरचा रस्ता आहे. निम्मा म्हणजे ६० किलोमीटर मोकळा, तेथे वेग ताशी ९०. उरलेला ६० किलोमीटर गर्दीचा, तेथे वेग ताशी ३०. सरासरी किती? नव्वद आणि तीस यांची मध्यम संख्या ६०, म्हणून दोन तास, असे उत्तर चटकन येते. ते चूक आहे. मोकळ्या भागास ४० मिनिटे लागली, गर्दीच्या भागास १२० मिनिटे. एकूण १६० मिनिटे, म्हणजे सरासरी ताशी ४५. संथ भागात आपण अधिक काळ असतो, म्हणून सरासरी त्याच्याकडे ओढली जाते.

आता यातूनच वेळ वाचविण्याचा मार्ग सापडतो. मोकळ्या भागात जिवावर उदार होऊन ९० चा वेग ११० केला, तर वाचतात जेमतेम सात मिनिटे. गर्दीच्या भागात ३० चा वेग ४० झाला, तर वाचतो पुरा अर्धा तास. शिवाय चौपदरी महामार्गावर मोटारीस ताशी १०० ही कमाल मर्यादा केंद्र सरकारने २०१८ साली ठरवून दिलेली आहे आणि अनेक ठिकाणी फलकावर त्याहून कमी आकडा असतो. तेव्हा ती सात मिनिटे दंडासहितच मिळावयाची. गर्दीतील वेग मात्र पायाखालच्या पट्टीने वाढत नाही. तो निघण्याची वेळ बदलल्याने वाढतो.

पुण्याहून येताना

पुण्यातील भाविकांसाठी मी जो हिशेब करून देतो, तो शनिवार सकाळचा असा. शहरातून बाहेर पडून खेड शिवापूरच्या पथकर नाक्यापर्यंत अंतर अवघे २३ ते २५ किलोमीटर. परंतु नवले पूल आणि कात्रजच्या नव्या बोगद्याचा परिसर धरून एक तास राखून ठेवावा. तेथून साताऱ्यापर्यंत ८५ ते ९० किलोमीटर, मध्ये खंबाटकी, दीड तास. सातारा ते कराड ५० किलोमीटरच्या आसपास, ५० मिनिटे. कराडहून पेठनाका, किणी करीत कोल्हापूरच्या तावडे हॉटेलच्या चौकापर्यंत ७० किलोमीटर. सव्वा तासाला थोडे कमी, म्हणजे ७० मिनिटे. आणि तावडे हॉटेलपासून मंदिराजवळच्या वाहनतळापर्यंत पाच-सहा किलोमीटरला अर्धा तास. बेरीज पाच तास झाली. दोन विसाव्यांचा मिळून एक तास त्यात घातला की सहा.

हे ऐकून काही जण नाराज होतात. "आम्ही साडेतीन तासांत आलो आहोत" असे सांगणारे असतातच, आणि ते खोटे बोलत नाहीत. ते पहाटे चारला निघालेले असतात. पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यातील अंतर मिळून तीस किलोमीटर भरते आणि त्यास दीड तास जातो. उरलेल्या दोनशे किलोमीटरला साडेतीन तास. पहाटे निघणारा हा पहिला तास पंचवीस-तीस मिनिटांवर आणतो, आणि शहराची गर्दी सुरू होण्याआधी कोल्हापुरात आला तर शेवटचा अर्धा तासही वाचवितो. मात्र पहाटे चारला निघावयाचे तर रात्री नऊला झोपावयास हवे. अकरापर्यंत सामान भरून तीनला उठणे म्हणजे वेळ वाचविणे नव्हे.

किरणोत्सवासाठी यावयाचे असेल तर गणित उलट बाजूने मांडावे. साडेचारला मंदिराच्या आवारात असावे असे धरा. वाहन लावणे, पादत्राणे ठेवणे, वृद्धांना सावकाश चालविणे आणि रांग यांस सव्वा तास. म्हणजे वाहनतळावर सव्वातीनला. त्यातून सहा तास वजा केले की सव्वानऊ. तेव्हा नऊ वाजता घरास कुलूप लागलेले असावे. "नऊला निघू" असे म्हणणारे घर साधारणपणे पावणेदहाला निघते, हा माझा अनुभव. आमच्या घरीही यास अपवाद नाही.

मुंबईकरांनी पुण्यापर्यंतचे दीडशे किलोमीटर यात मिळवावेत. द्रुतगती मार्गाचे ९४.५ किलोमीटर हा त्यांतील सोपा भाग. मुंबईतून बाहेर पडणे आणि पुण्याला वळसा घालणे हे कठीण भाग. शनिवारी सकाळी बोरघाटात अडकल्यास सर्व हिशेब कोलमडतो. एकट्या-दुकट्याने येणाऱ्या मुंबईकरांस मी महालक्ष्मी एक्स्प्रेस सुचवितो. रात्री झोपावे, सकाळी कोल्हापुरात उतरावे.

विसावा

आळंदीहून पंढरीस जाणाऱ्या पालखीचे वेळापत्रक ज्यांनी पाहिले असेल, त्यांच्या लक्षात आले असेल की त्यात चालण्याचा वेग कोठेच लिहिलेला नसतो. सकाळचा विसावा कोठे, दुपारचे भोजन कोठे, रात्रीचा मुक्काम कोठे, हेच लिहिलेले असते. थांबण्याच्या जागा ठरल्या की चालणे आपोआप त्यांत बसते. मोटारीच्या प्रवासातही हीच रीत उपयोगी पडते.

ठरवून न घेतलेला थांबा दहा मिनिटांचा म्हणून सुरू होतो आणि पंचवीस मिनिटांचा होतो. एक जण चहा घेतो, तो परतेपर्यंत दुसऱ्यास प्रसाधनगृह आठवते, मग मुलांना काही हवे असते. पुढे चाळीस किलोमीटरवर इंधनासाठी पुन्हा थांबतात. हे सर्व एकाच ठिकाणी, एकाच वेळी करावे. दोन तासांनी वीस मिनिटे, पुन्हा दोन तासांनी चाळीस मिनिटे, एवढे विसावे पुण्याच्या प्रवासास पुरतात. वृद्ध आणि मधुमेही मंडळी बरोबर असल्यास त्यांच्या सोयीने तिसरा धरावा आणि तो मनापासून धरावा. घरून दशम्या-चटणी घेतली तर हॉटेलातील ताटाची वाट पाहणे टळते. ओटीचा खण-नारळ घरूनच आणण्यासही काही हरकत नाही. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा आहे. त्यात पुरेशी रक्कम आहे की नाही हे नाक्यावर न पाहता आदल्या रात्री पाहावे.

ऋतुमानाप्रमाणे

आमच्या भागात साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. दोन्ही किरणोत्सव याच काळात येतात. कराडच्या पुढे ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. दिवसा त्यांच्यामुळे वेग कमी होतो एवढेच. रात्री मात्र मागे दिवा नसलेली ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. हंगामात शेवटचे सत्तर किलोमीटर उजेडात संपतील असे पाहावे. जेथे रुंदीकरणाचे काम चालू असून वाहतूक सेवारस्त्यावरून वळविलेली असेल, तेथील वेळ वेगळा धरावा.

जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी पंचगंगेची पातळी विचारून निघावे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन बंद झाला होता आणि वाहने जागच्या जागी अडकून पडली होती. पाणी इशाऱ्याकडे चढत असेल तर दर्शनाची तारीख पुढे ढकलावी. देवी कोठे जात नाही. कोकणातून आंबा अथवा गगनबावड्याच्या घाटाने येणाऱ्यांनी दरडींची चौकशीही करावी.

नवरात्रात व चैत्र पौर्णिमेस जोतिबाच्या यात्रेत वाहने दूरच्या वाहनतळावर थांबवितात. त्या दिवसांत शेवटच्या टप्प्यास अर्ध्या तासाऐवजी दीड तास धरला तरी तो अधिक होत नाही.

एका दिवसात किती देव?

सकाळी अंबाबाई, दुपारी पंढरपूर, रात्री तुळजापूर, असा बेत घेऊन अनेक मंडळी येतात. कोल्हापूर ते पंढरपूर सुमारे १८० किलोमीटर, तेथून सोलापूरमार्गे तुळजापूर ११५ ते १२०. एकूण तीनशे किलोमीटर, म्हणजे नुसते वाहन चालविण्याचे सात तास. पंढरपूरची रांग यात धरलेली नाही. तेथे विठ्ठलाच्या पदस्पर्शासाठी किती तास लागतील हे कोणी सांगू शकत नाही. एकादशीच्या आसपास तर विचारूच नये. हा बेत कागदावर बसतो तो केवळ चालकाची झोप वजा करून.

याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण भाड्याच्या गाडीचा चालक या हिशेबात कोणी धरीत नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती असे प्रमाण घालून दिले होते. आपण दर्शनाच्या रांगेत असतो तेव्हा चालक गाडीत विश्रांती घेत असेल असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो गाडी हलवीत असतो, वाहनतळाची पावती करीत असतो, उन्हात जागा शोधीत असतो.

शुक्रवारी रात्री श्रींची पालखी निघते. ती पाहून, प्रसाद घेऊन, अकराच्या सुमारास "आता रस्ता मोकळा असेल" म्हणून परत निघणारी मंडळी दर आठवड्यास दिसतात. रस्ता मोकळा असतो हे खरे, आणि वरच्या गणिताप्रमाणे वेळही वाचतो. परंतु चालक सकाळी सहाला उठलेला असेल तर अकरा वाजता त्यास जागून सतरा तास झालेले असतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की सतरा ते एकोणीस तास जागलेल्या माणसाची कामगिरी काही चाचण्यांत, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी अथवा त्याहूनही खालावते. आपल्याकडे कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. मद्य घेतलेल्या माणसाच्या हाती आपण कुटुंब सोपविणार नाही. पहाटे दोन ते पाच या वेळेत झोप अधिकच अनावर होते; तेव्हा चहा, खिडकीचा वारा, मोठ्याने लावलेली गाणी यांनी ती थोडी लांबते, जात नाही. डोळे जड झाले, मागील दोन-तीन किलोमीटर आठवेनासे झाले, की सुरक्षित जागी गाडी थांबवून वीस मिनिटे झोपणे एवढा एकच उपाय आहे.

म्हणून पालखीस थांबणाऱ्यांनी रात्री मुक्काम करावा आणि पहाटे निघावे. काकड आरती घेऊन सहाला निघालात तर दुपारच्या आत पुण्यात असाल. भक्तनिवासात खोली सांगताना चालकाच्या अंथरुणाची मागणीही त्याच वेळी नोंदवावी. ऐन वेळी सांगितल्यास जागा नसते, आणि मग तो गाडीतच पाय दुमडून रात्र काढतो.