पंचेंद्रियांची बाग

सुटीच्या दिवशी धाकट्या भावंडांना घेऊन आपण बागेत जातो. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी उभारलेली सयाजीबाग, म्हणजेच आपली कमाटीबाग, बडोद्यात कोणी पाहिलेली नाही? परंतु केवळ डोळ्यांनी पाहिलेली बाग ही अर्धीच बाग होय. उरलेली अर्धी कशी पाहावी, हे मी गेल्या भाद्रपदात आमच्या परसात शेजारच्या पाच-सहा मुलांसह शिकलो.

प्रथम मुलांच्या डोळ्यांना रुमाल बांधले. तुळस, पानओवा आणि गवती चहा यांची पाने एकेकाच्या नाकाशी धरली. अखंड पानास वास बेताचाच होता. चुरगळताच तो दरवळला. या पानांत सुगंधी तेलाचे सूक्ष्म साठे असतात. पान चुरगळले की ते फुटतात.

नंतर स्पर्शाची पाळी आली. जास्वंदीचे पान गुळगुळीत, तर पारिजातकाचे खरखरीत. लाजाळूसाठी मात्र रुमाल सोडले. तिच्या देठांच्या व पर्णिकांच्या बुडाशी फुगीर सांधे असतात. स्पर्श होताच त्यांच्या एका बाजूच्या पेशींतील पाणी बाहेर पडते, पेशी ढिल्या पडतात आणि पान मिटते.

कानांनाही काम मिळाले. तेरड्याची पिकलेली शेंग चिमटीत धरताच फुटते आणि बिया दूर उडतात. पिंपळाचे देठ लांब व बारीक असल्यामुळे मंद वाऱ्यातही त्याची पाने सळसळतात.

इतक्यात एका चिमुरड्याने कुंपणाजवळचे बिट्टीचे पिवळे फूल उचलून तोंडाकडे नेले. मी धावत जाऊन त्याचा हात धरला. बिट्टीचे, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचे, सर्वांग विषारी असून त्या विषाचा घात थेट हृदयावर होतो. मूल हसत होते. माझे हातपाय मात्र थरथरत होते. चूक त्याची नव्हती, माझी होती. जिभेचा नियम मी आधी सांगावयास हवा होता.

तो नियम असा : जीभ सर्वांत शेवटी, आणि तीही मोठ्यांना विचारून. मग मुलांचे हात धुतले आणि ओळखीची, स्वच्छ धुतलेली पाने त्यांना दिली. अंबाडी आंबट, कडुलिंब कडू, कढीपत्ता सुवासिक.

दुसऱ्या दिवशी पहाटे मंडळी पुन्हा हजर! पारिजातकाची फुले सायंकाळनंतर उमलतात आणि पहाटे गळतात. अंधारात त्यांचा शुभ्र रंग व सुगंध पतंगांना बोलावतो. ओंजळी भरता भरता तो कालचा चिमुरडा माझ्याजवळ आला. हातातले फूल त्याने हुंगले, देठाचा केशरी रंग निरखला आणि विचारले, "काका, हे खायचं असतं का?"

"नाही रे," मी म्हणालो, "हे देवाला वाहायचं."

मित्रहो, येत्या सुटीत आपल्या भावंडांना असेच बागेत न्या. नावे मागाहून सांगा. नियम मात्र आधी सांगा.