शांत बसणारे मूल

प्रस्तावना

इयत्ता पहिलीच्या वर्गात एखादे मूल असे असते, की त्याच्याविषयी कोणाचीच तक्रार नसते. ते दंगा करीत नाही, जागेवरून उठत नाही, कोणाच्या खोड्या काढीत नाही. मधल्या सुट्टीत बाकीची मुले पटांगणात धावतात, तेव्हा ते भिंतीला टेकून बसते. 'मूल मोठे गुणी आहे,' असे शिक्षक म्हणतात. 'पोर गरीब आहे हो, बसवले तिथे बसते,' असे घरी आजी सांगते. मूल स्वभावतःच शांत असेल, तर चिंतेचे कारण नाही. परंतु कित्येकदा हा शांतपणा स्वभावाचा नसतो. तो उपासमारीचा असतो. प्रस्तुत पाठात आपण अशा मुलांचा आहार आणि त्यांच्या शरीराची हालचाल या दोन गोष्टींचा परस्परसंबंध पाहणार आहोत. तुम्हांपैकी काहीजण स्वतः पालक असतील, काहीजण अंगणवाडीत किंवा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करीत असतील. हा विषय तुम्हांला अपरिचित वाटणार नाही.

शरीराची काटकसर

अन्नातून मिळणारी ऊर्जा शरीर एका ठरावीक क्रमाने खर्च करते. हृदयाचे ठोके, श्वसन, शरीराची ऊब हे खर्च टाळता येत नाहीत. उरलेल्या ऊर्जेतून हालचाल आणि वाढ ही दोन कामे होतात. घरात पैसा कमी पडू लागला, की आपण प्रथम सणावाराचा खर्च कमी करतो, औषधाचा नव्हे. अन्न अपुरे पडू लागले, की शरीरही तसेच करते. ते प्रथम खेळणे-बागडणे कमी करते. तेवढ्याने भागले नाही, तर वजन आणि उंची यांची वाढ मंदावते. म्हणूनच मूल हडकुळे दिसू लागण्याच्या आधीच ते कमी धावू लागलेले असते. मात्र तिकडे आपले लक्ष नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील बालकांपैकी ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली, तर १९.३ टक्के बालकांचे वजन उंचीच्या मानाने कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील ६७.१ टक्के बालकांना रक्तक्षय होता. हीच मुले पुढे शाळेत येतात. रक्तक्षय झालेल्या मुलाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी असते. ते लवकर दमते, त्याला धाप लागते आणि मग ते खेळ टाळू लागते. आपण त्याला आळशी म्हणतो.

हालचाल थांबली, की नुकसान एवढ्यावर थांबत नाही. लहान मूल धावताना, चढताना, वस्तू उचलून फेकताना जग समजून घेत असते. अंतर किती, वजन किती, तोल कसा सांभाळावा, आपली पाळी येईपर्यंत कसे थांबावे, हे त्याला पुस्तकातून कळत नाही. जे मूल बसूनच राहते, त्याच्या वाट्याला हे शिक्षण येत नाही.

पाठगत प्रश्न १

१. अन्न अपुरे पडल्यास शरीर प्रथम कोणता खर्च कमी करते?
२. रक्तक्षय झालेले मूल खेळ का टाळते?

ताटातले अन्न

शाळेत मुलांना जेवण देण्याची प्रथा आपल्या देशात जुनी आहे. मद्रास महानगरपालिकेने १९२५ च्या सुमारास तिचा आरंभ केला. १९५६ मध्ये मुख्यमंत्री के. कामराज यांनी ती मद्रास राज्यात पसरवली, तर १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तमिळनाडूत तिचा मोठा विस्तार केला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय पातळीवर योजना सुरू झाली. पण अनेक राज्यांत मुलांना शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडे धान्यच मिळत असे. ते धान्य घरी जाई आणि साऱ्या कुटुंबात वाटले जाई. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तेव्हा ताट खऱ्या अर्थाने मुलापुढे आले. २०२१ पासून ही योजना 'पीएम पोषण' या नावाने ओळखली जाते.

प्राथमिक वर्गातील मुलाला या जेवणातून ४५० किलोकॅलरी ऊर्जा आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरवून दिलेले आहे. आता दुसरा आकडा पाहा. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे शाळेचे ताट दिवसाची साधारण चौथाई गरज भागवते. उरलेली तीन चौथाई घराने भागवायची असते. ज्या घरातून मूल सकाळी केवळ चहा पिऊन निघते, तेथे हा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. तमिळनाडू शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये शाळेत सकाळची न्याहारी सुरू केली, ती याच कारणासाठी. हा निर्णय इतर राज्यांनीही अनुसरण्याजोगा आहे, असे वाटते.

लहान मुलाचे पोट लहान असते. पातळ पेज किंवा पाणीदार वरण पिऊन ते भरते, पण त्यातून ऊर्जा थोडीच मिळते. एक ग्रॅम पिष्टातून किंवा प्रथिनातून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९. म्हणून खिचडीवर चमचाभर तेल किंवा तूप घालणे, भाजीत शेंगदाण्याचे कूट घालणे हा चोचला नव्हे. ज्यांना अंडे चालते, त्यांच्यासाठी अंडे हे सोयीचे अन्न आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. डाळ-तांदूळ एकत्र खाल्ल्याने एकातील प्रथिनांची उणीव दुसरे भरून काढते. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते.

पोटात जंत असतील, तर खाल्लेले अन्न पुरते अंगी लागत नाही. त्यामुळे शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठीची आठवड्याची गुलाबी लोहगोळी या दोन्ही चुकवू नयेत.

अन्नाला हालचालीची जोड

अशक्त मुलाला विश्रांती द्यावी, धावू देऊ नये, ही समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे. ग्वाटेमाला देशातील पोषणसंस्थेत संशोधकांनी कुपोषणातून सावरणाऱ्या बालकांचे दोन गट केले. आहार सारखाच ठेवला. एका गटाला मात्र चढणे, चालणे, खेळणे यांसाठी प्रोत्साहन दिले. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अधिक हालचाल करणाऱ्या मुलांची उंची अधिक वाढल्याचे दिसून आले. जमैकातील किंग्स्टन शहरात वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर दोन वर्षे असाच प्रयोग झाला. काहींना दुधाचा पूरक आहार मिळाला, काहींना आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईच्या सोबतीने खेळ शिकवण्यात आले, काहींना दोन्ही मिळाले. १९९१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन्ही मिळालेल्या बालकांची सर्वांत चांगली प्रगती झाली. जागतिक आरोग्य संघटनेनेही तीव्र कुपोषणाच्या उपचारात रोज १५ ते ३० मिनिटांच्या खेळाचा समावेश केलेला आहे.

तथापि, अन्नाशिवाय व्यायाम हा अन्यायच होय. उपाशीपोटी आलेल्या मुलांना सकाळी उन्हात कवायतीला उभे केल्यास काही मुले भोवळ येऊन पडतात. अशा शाळेत खेळाचा तास न्याहारीनंतर किंवा जेवणानंतर तासाभराने ठेवावा. सुरुवातीस दहा मिनिटे पुरेत. मध्ये पाणी आणि विसावा द्यावा, आणि आठवड्या-आठवड्याने वेळ वाढवावी. निरोगी शाळकरी मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटांची जोमदार हालचाल हवी, पण तो आकडा अशक्त मुलाच्या बाबतीत पहिल्या दिवसाचा नव्हे. फार धाप लागणे, ओठ पांढरे पडणे, चक्कर येणे ही थांबण्याची खूण आहे. पायांवर सूज असेल किंवा मूल खातच नसेल, तर त्याला आधी आरोग्य केंद्रात न्यावे.

कोणते खेळ घ्यावेत, याला महत्त्व आहे. शर्यतीत अशक्त मूल नेहमीच मागे राहते आणि पुढच्या वेळी उभेच राहत नाही. 'बाद' होण्याच्या खेळांतही हाच दोष आहे: जो सर्वांत कमजोर, तो सर्वांत आधी बाद होतो आणि उरलेला वेळ बसून काढतो. ज्याला हालचालीची सर्वाधिक गरज, त्याच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते! साखळीच्या पकडापकडीत असे होत नाही. पकडला गेलेला गडी साखळीला जोडला जातो आणि खेळतच राहतो. लंगडीने तोल आणि पायांची शक्ती वाढते. जमिनीवर आखलेल्या रेषेवरून चालणे, चिंध्यांचा चेंडू फेकणे आणि झेलणे, लगोरी रचणे यांस खर्च काहीच नाही. तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल, तर हेच खेळ तुमच्या गावी वेगळ्या नावांनी सापडतील. लगोरीला उत्तरेत पिठ्ठू म्हणतात.

साधने महागच हवीत असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. बिया, पाने, शंख-शिंपले, खडे अशा परिसरातल्याच वस्तू त्यांनी शिक्षणाची साधने म्हणून वापरल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात नेली.

उपक्रम

तुमच्या घरातील किंवा शेजारच्या सहा ते आठ वर्षांच्या एका मुलाचे आठवडाभर निरीक्षण करा. ते सकाळी काय खाऊन शाळेत जाते, दिवसभरात किती वेळा खाते, किती वेळ धावते-खेळते आणि किती वेळ नुसते बसून असते, याची रोज नोंद ठेवा. जेवणाची वेळ आणि खेळाची वेळ एकाच तक्त्यात समोरासमोर लिहा. मुलाच्या आईशी किंवा आजीशी बोलून सकाळच्या न्याहारीत कोणता एक पदार्थ वाढवता येईल, ते ठरवा. त्यानंतरच्या आठवड्यात तोच तक्ता पुन्हा भरा.