अल्झायमर व्याधी : संदर्भशोधन आणि टिपणलेखन

आयुर्वेद महाविद्यालयांत कायचिकित्सेच्या वर्गास प्रकल्पासाठी जे विषय दिले जातात, त्यांत 'अल्झायमर व्याधी व आयुर्वेद' हा विषय वारंवार आढळतो. विद्यार्थी पंधरा दिवसांत वीस-पंचवीस संदर्भ जमवतो, त्यांची सुबक यादी करतो आणि प्रत्येकाखाली 'सदर निबंध उपयुक्त आहे' अशा अर्थाचे एखादे वाक्य लिहून मोकळा होतो. अशा वाक्यास टिपण म्हणता येत नाही. अभ्यास कोणावर झाला, काय मोजले, काय आढळले आणि त्यावरून काय म्हणता येत नाही, एवढे तरी टिपणातून वाचकास कळले पाहिजे. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची असून नेमकी तीच बहुधा गाळली जाते.

हा केवळ परीक्षेतील गुणांचा प्रश्न नाही. आजचा विद्यार्थी दोन-तीन वर्षांत स्वतःच्या चिकित्सालयात बसणार आहे. घरचा रस्ता विसरू लागलेल्या वडिलांना घेऊन मुलगा त्याच्यासमोर येईल आणि 'वैद्यराज, ब्राह्मीने गुण येईल ना?' असे विचारील. त्या वेळी दिले जाणारे उत्तर विद्यार्थिदशेत केलेल्या वाचनातूनच येते. भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिबुद्धिऱ्हासाचे, म्हणजे डिमेन्शियाचे, प्रमाण सुमारे ७.४ टक्के असून रुग्णसंख्या सुमारे ८८ लाख असावी, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवर आधारित अभ्यासात दिला आहे. २०१० च्या 'डिमेन्शिया इंडिया' अहवालातील अंदाज ३७ लाखांचा होता. येथेच टिपणलेखनाचा पहिला धडा मिळतो. तेरा वर्षांत व्याधी दुपटीहून अधिक वाढली, असे या दोन आकड्यांवरून लिहिता येणार नाही. वृद्धांची संख्या वाढली हे खरे, परंतु पाहणीची पद्धतीही बदलली. दोन्ही आकडे द्यावेत आणि त्यांखाली पद्धतीतील भेद नोंदवावा.

प्रश्नाची मांडणी

'अल्झायमरवर आयुर्वेदीय उपचार' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'निदान निश्चित झालेल्या ६५ वर्षांवरील रुग्णांत ब्राह्मीच्या सेवनाने स्मृतिपरीक्षेतील गुणांत फरक पडतो काय?' हा प्रश्न आहे. प्रश्न असा नेमका मांडला की शोध आपोआप आवरतो. १९९७ पासून सर्वांस विनामूल्य खुल्या असलेल्या 'पबमेड' या सूचीत वनस्पतीचे लॅटिन नाव आणि व्याधीचे नाव एकत्र द्यावे. भारतीय नियतकालिकांतील बरेचसे साहित्य तेथे सापडत नाही, म्हणून 'आयुष रिसर्च पोर्टल' स्वतंत्रपणे पाहावे. २००७ मध्ये सुरू झालेली भारतीय चिकित्सा-चाचण्यांची नोंदवहीही अवश्य चाळावी. तेथे नोंद झालेली पण निष्कर्ष कोठेही प्रसिद्ध न झालेली चाचणी आढळल्यास तीही टिपण्यायोग्य बाब आहे. अनुकूल निष्कर्ष लवकर छापले जातात, प्रतिकूल निष्कर्ष पुष्कळदा फडताळातच राहतात.

संहितोक्त संदर्भ

संहितांतील संदर्भ देताना स्थान, अध्याय, आवृत्ती आणि टीकाकार यांचा उल्लेख हवा, हे सांगावयास नको. खरी अडचण समीकरणाची आहे. 'स्मृतिभ्रंश म्हणजे अल्झायमर' असे लिहून विद्यार्थी पुढे जातो. परंतु स्मृतिभ्रंश हे अनेक व्याधींत आढळणारे लक्षण आहे. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशाचा विचार प्रज्ञापराधाच्या संदर्भात केला आहे. निदानस्थानात उन्मादाचे स्वरूप सांगताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. अल्झायमरच्या रुग्णात कालांतराने या आठांपैकी बहुतेकांची विकृती दिसते, हे निरीक्षण मार्मिक आहे. तरीही त्यावरून व्याधी एकच ठरत नाही. शार्ङ्गधरांनी वयाच्या दशकांनुसार होणारा ऱ्हास सांगताना मेधेचा ऱ्हास चौथ्या व बुद्धीचा नवव्या दशकात मानला आहे. हे वर्णन वयानुरूप स्वाभाविक ऱ्हासाचे आहे. ते व्याधीच्या निदानासाठी आधार म्हणून वापरणे हा ग्रंथावर अन्याय होय.

कोणी हा व्याधी उन्मादात घालतो, कोणी वातव्याधीत, तर कोणी जराजन्य धातुक्षयात. मतभेद असण्यास हरकत नाही. टिपणात मात्र 'संहितेत सांगितले आहे' आणि 'अमुक लेखकाने असे अनुमान केले आहे' ही दोन वाक्ये एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

मूळ स्रोताकडे जाणे

आलोइस अल्झायमर यांच्या ज्या रुग्णेवरून व्याधीस नाव मिळाले, ती ऑगस्ट डेटर २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफर्ट येथील मनोरुग्णालयात दाखल झाली. तिचे वय तेव्हा ५१ होते. ८ एप्रिल १९०६ रोजी तिचा मृत्यू झाल्यावर मेंदू म्युनिकला पाठविण्यात आला आणि रौप्यरंजनाच्या पद्धतीने तो तपासून अल्झायमर यांनी ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगन येथील सभेत निष्कर्ष मांडले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या मनोविकारशास्त्राच्या ग्रंथाच्या आठव्या आवृत्तीत व्याधीला अल्झायमर यांचे नाव दिले. मूळ रुग्णपत्रिका १९९५ मध्ये फ्रँकफर्टमध्येच सापडली व १९९७ मध्ये तिच्याविषयी 'लॅन्सेट'मध्ये लेख आला.

हा इतिहास बहुतेक प्रकल्पांच्या पहिल्या पानावर असतो, पण त्यातील उपयुक्त भाग कोणी टिपत नाही. रुग्णा पन्नाशीतील होती. त्यामुळे पुढील कित्येक दशके 'अल्झायमर व्याधी' हे नाव प्रामुख्याने ६५ वर्षांपूर्वी उद्भवणाऱ्या, विरळ विकारापुरतेच वापरले जाई. वार्धक्यातील ऱ्हास वेगळा मानला जाई. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी दोन्ही विकार एकच असल्याचे आग्रहाने मांडले आणि त्यानंतर नावाची व्याप्ती पालटली. म्हणजे १९६० सालच्या निबंधातील 'अल्झायमर' आणि आजच्या निबंधातील 'अल्झायमर' यांची थेट तुलना करता येत नाही. जुना संदर्भ घेतल्यास हे टिपणात लिहिलेच पाहिजे. आपल्याकडे निघंटूंतील द्रव्यनामांच्या बाबतीत जी सावधगिरी आपण बाळगतो, तीच येथे हवी.

ऑगस्ट डेटर हिच्या जतन केलेल्या पेशीजालात प्रिसेनिलिन-१ या जनुकाचा दोष आढळल्याचे २०१२ च्या अखेरीस जाहीर झाले, आणि २०१४ मध्ये दुसऱ्या गटास तपासणीत तो आढळला नाही. पहिला निबंध वाचून थांबणाऱ्याचे टिपण अपुरे राहते ते असे.

बल्लभगडचा अभ्यास आणि हळद

या विषयात सर्वाधिक दुरुपयोग झालेला संदर्भ कोणता, असे विचारल्यास मी हरियाणातील बल्लभगडच्या अभ्यासाचे नाव घेईन. भारतीय व अमेरिकी संशोधकांनी तेथील ग्रामीण वृद्धांची पाहणी केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींत अल्झायमरचे नवे रुग्ण दर हजार व्यक्ति-वर्षांमागे ४.७ आढळले, तर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागात हेच प्रमाण १७.५ होते. या दोन आकड्यांवरून 'भारतीय हळद खातात म्हणून त्यांना अल्झायमर होत नाही' हे वाक्य जन्मास आले आणि ते एका लेखातून दुसऱ्यात असे फिरत राहिले की, मूळ निबंधात हळदीचे मोजमाप झालेलेच नाही, याचे भान कोणास उरले नाही.

या संदर्भावरील टिपण साधारण असे असावे :

'ग्रामीण हरियाणातील ५५ वर्षांवरील व्यक्तींचा दोन वर्षांचा पाठपुरावा. सुमारे ७३ टक्के व्यक्ती निरक्षर, म्हणून अक्षरज्ञानावर न विसंबणारी हिंदी चाचणी मुद्दाम तयार केली, ही जमेची बाजू. नव्या रुग्णांचे प्रमाण अमेरिकी तुलनागटापेक्षा बरेच कमी. संभाव्य कारणे : पाठपुराव्याचा अल्पकाळ, व्याधी जडल्यावर लवकर येणारा मृत्यू, कुटुंबात सांभाळ होत असल्याने ऱ्हास उशिरा लक्षात येणे, एपीओई-४ या जनुकप्रकाराचे कमी प्रमाण. आहारातील कोणत्याही द्रव्याचा परिणाम या अभ्यासातून सिद्ध वा असिद्ध होत नाही.'

शेवटचे वाक्य लिहिल्याने हळदीचा अपमान होत नाही. हरिद्रेचे गुण ग्रंथोक्त आहेत आणि ते ज्या अधिकारात सांगितले आहेत तेथे अबाधित आहेत.

द्रव्यविषयक अभ्यास

चरकसंहितेतील मेध्य रसायने चार : मण्डूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर यष्टीमधूचे चूर्ण, गुडूचीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क. त्यांतही शंखपुष्पी विशेष मेध्य मानली आहे. आता विद्यार्थ्याने शंखपुष्पीवरील निबंध शोधला की त्याच्यासमोर किमान तीन वनस्पती येतात : कॉन्व्हॉल्व्ह्युलस, इव्हॉल्व्ह्युलस म्हणजे विष्णुक्रान्ता, आणि केरळात वापरली जाणारी क्लायटोरिया म्हणजे आपली गोकर्णी. ब्राह्मीची कथाही तीच. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी ब्राह्मी म्हणून सेंटेला, म्हणजे कारिवणा, दिली जाते, तर बहुतेक आधुनिक चाचण्या बॅकोपा मोनिएरीवर, म्हणजे जलब्राह्मीवर झालेल्या आहेत. टिपणात लॅटिन नाव, वापरलेला भाग आणि कल्पना (स्वरस, चूर्ण, घृत की अर्क) न लिहिल्यास दोन भिन्न द्रव्यांचे निष्कर्ष एकाच्या नावावर जमा होतात.

उदाहरणार्थ, २००८ मध्ये अमेरिकेत झालेली बॅकोपाची चाचणी घ्या. ६५ वर्षांवरील ५४ व्यक्ती घेतल्या. निम्म्यांस प्रमाणित अर्क रोज ३०० मिलिग्रॅम, निम्म्यांस निष्क्रिय गोळी, काल १२ आठवडे. शब्द काही वेळाने आठवण्याच्या परीक्षेत अर्क घेणाऱ्यांचे गुण सुधारले. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. परंतु या व्यक्तींत डिमेन्शियाची लक्षणे नव्हती, किंबहुना नसावीत अशीच अट होती. तेव्हा 'निरोगी वृद्धांत स्मृतिपरीक्षेतील अल्पकालीन सुधारणा' असे लिहावे. 'अल्झायमरवर ब्राह्मी गुणकारी' असे लिहू नये. शिवाय ३०० मिलिग्रॅम अर्क आणि आपण देतो ते चूर्ण यांची मात्रा समान नाही, हेही नोंदवावे.

अश्वगंधेवरील २०१२ चा निबंध असाच गाजला. तो 'पीएनएएस' या प्रतिष्ठित नियतकालिकात आला आणि त्यात मेंदूतील अमायलॉइड घटल्याचे दाखविले होते. परिणाम यकृतातील एका ग्राहक-प्रथिनामार्फत घडतो, हा त्यातील विचार वैद्यास निश्चितच विचारप्रवर्तक वाटेल. प्रयोग मात्र जनुकांत बदल केलेल्या उंदरांवर होता. टिपणाच्या पहिल्याच ओळीत 'उंदीर' हा शब्द आला पाहिजे.

प्रतिकूल निष्कर्षही तितक्याच काळजीने लिहावेत. गिंको या वनस्पतीच्या अर्काची ७५ वर्षे व त्यावरील ३,०६९ व्यक्तींवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. रोज १२० मिलिग्रॅम दोन वेळा देऊनही डिमेन्शियाचे प्रमाण कमी झाले नाही, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या द्रव्यांवर एवढ्या संख्येची व काळाची चाचणी झालेली नाही, म्हणून गिंकोला हिणवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आधुनिक औषधांसही हीच कसोटी लावावी. लेकानेमॅबच्या चाचणीत १,७९५ रुग्ण व १८ महिन्यांचा काल होता. ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला, असे सर्वत्र छापून आले. मूळ तक्ता पाहिल्यास १८ गुणांच्या मापावर दोन गटांतील फरक ०.४५ आहे, आणि औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के व्यक्तींत मेंदूतील सूज चित्रणात दिसली. टिपणात टक्केवारी, प्रत्यक्ष फरक आणि दुष्परिणाम ही तिन्ही हवीत.

मागे घेतलेले निबंध

२००६ मध्ये 'नेचर'मध्ये अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपाविषयी निबंध आला. पुढे हजारो लेखांनी त्याचा आधार घेतला. २०२२ मध्ये त्यातील चित्रांविषयी शंका जाहीरपणे उपस्थित झाल्या आणि जून २०२४ मध्ये तो मागे घेण्यात आला. अमायलॉइडचा सिद्धान्त केवळ या एका निबंधावर उभा नाही, म्हणून 'पाश्चात्यांचा सिद्धान्त कोसळला' असे आनंदाने लिहिणेही चूकच. ॲड्युकानुमॅब या औषधास जून २०२१ मध्ये अमेरिकेत त्वरित मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२४ मध्ये उत्पादक कंपनीनेच ते बंद करण्याचे जाहीर केले. २०२१-२२ मधील आढावा-लेख वाचून केलेले टिपण त्यामुळे आज दिशाभूल करील. प्रत्येक संदर्भ मागे घेतला गेला आहे काय, हे पबमेडवरील नोंदीत पाहावे आणि पाहिल्याची तारीख टिपणाखाली लिहावी.

मार्गदर्शकांसाठी एक व्यावहारिक सूचना. सूचीत किमान एक संदर्भ निदानाविषयी असावा, असा आग्रह धरावा. थायरॉइडची न्यूनता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, डोक्यास मार लागून कवटीखाली साचलेले रक्त, विषाद, तसेच झोपेची वा ॲलर्जीची काही औषधे यांमुळेही वृद्धांत विस्मृती येते आणि कारण दूर केल्यास ती पुष्कळदा कमी होते. ज्या चाचणीत ही कारणे वगळलेली नाहीत, त्या चाचणीत सुधारलेले रुग्ण कोणत्या व्याधीचे होते, हे सांगता येत नाही. अशा संदर्भाखाली 'निदान अनिश्चित' एवढे दोन शब्द लाल शाईने लिहून घ्यावेत.