रुळांतील फट

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या एका वर्गमित्राचे आजोबा परभणीहून जामबागेत आले. वय ऐंशीच्या पुढे, परंतु पाठ ताठ आणि कान तिखट. प्रवास कसा झाला, असे आम्ही विचारताच ते म्हणाले, "प्रवास सुखाचा झाला, पण अलीकडच्या गाडीला तोंडच राहिलेले नाही. बसलो काय नि उतरलो काय, वाटेत ती एक शब्द बोलली नाही! आमच्या वेळची गाडी रात्रभर बोलत असे."

१९५५ साली, मराठी शाळेत शिकावयाचे म्हणून, आजोबा प्रथम हैदराबादेस आले ते याच मार्गाने. तेव्हाची गाडी 'खटक-खटक, खटक-खटक' अशा एका तालावर चाले, आणि परक्या शहरी निघालेल्या मुलाला त्या तालाचा मोठा आधार वाटे, असे त्यांनी सांगितले. मग तो आवाज गेला कोठे? आमच्या विज्ञानाच्या सरांपुढे हा प्रश्न ठेवला, तेव्हा त्यांनी उत्तर न देता प्रयोगशाळेतील कपाटाकडे बोट दाखविले. तेथून आमच्या या अभ्यासास आरंभ झाला.

कपाटात पितळेचा गोळा आणि एक कडी होती. थंड गोळा कडीतून सहज आरपार जातो, दिव्यावर चांगला तापविला की अडून बसतो आणि निवला की पुन्हा मुकाट्याने निघून जातो. गोळ्याचे पितळ पितळच राहिले, वजनातही फरक पडला नाही, फक्त आकारमान वाढले नि पुन्हा उतरले. असा बदल आपण घरोघर पाहतो, पण त्यास नाव देत नाही. बरणीचे घट्ट बसलेले धातूचे झाकण आई क्षणभर कढत पाण्यात धरते. एकात एक रुतलेले दोन पेले सोडविण्यासाठी आतल्या पेल्यात गार पाणी ओतून बाहेरचा गरम पाण्यात ठेवते. खेड्यातील लोहाराने तर या ज्ञानावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसवावयाची लोखंडी धाव तो चाकापेक्षा किंचित लहान घडवितो, ती लालबुंद तापवून चाकावर चढवितो आणि वरून पाणी ओततो. धाव आक्रसते आणि चाकास अशी कवटाळते की खिळ्यांची फारशी गरजच उरत नाही.

रुळाचेही तेच. पोलादाची एक मीटर लांबीची पट्टी एक अंश सेल्सिअसने तापली की मीटरच्या सुमारे ०.००००११५ पट लांबते. आकडा इतका क्षुद्र की वर्गात प्रथम हशा पिकला. पण रुळाची नेहमीची लांबी १३ मीटर धरा. थंडीतील पहाटेचा रूळ आणि वैशाखातील दुपारचा रूळ यांच्या तापमानात ४० अंशांचे अंतर धरा (उन्हातील लोखंड हवेहून पुष्कळच अधिक तापते, म्हणून हे अंतर मुळीच फुगविलेले नाही). गुणाकार केला तर प्रत्येक रूळ सुमारे ६ मिलिमीटर वाढतो. आता हैदराबादेहून मनमाडपर्यंतचा सुमारे ६२० किलोमीटरचा मार्ग घ्या. एवढ्या लांबीचा अखंड रूळ मोकळा सोडला, तर तो उन्हाळ्यात सुमारे २८५ मीटर लांब होईल! हे उत्तर फळ्यावर उतरले तेव्हा मात्र कोणी हसले नाही.

ही वाढ सामावून घ्यावी म्हणून जुन्या काळी दोन रुळांच्या टोकांमध्ये बोटाच्या पेराहूनही अरुंद अशी फट ठेवीत आणि दोन्ही टोके लोखंडी जोडपट्ट्यांनी, म्हणजे फिशप्लेटींनी, बोल्ट लावून बांधीत. चाक त्या फटीवरून गेले की खटका होई. आजोबांच्या गाडीची वाचा ती हीच. सरांनी यावर एक गंमत सांगितली. १३ मीटरच्या रुळांवरून जाताना ४७ सेकंदांत जितके सांधे लागतील तितके किलोमीटर ताशी गाडीचा वेग. आम्ही गणित करून पाहिले, ते बरोबर येते. घड्याळ असलेला प्रवासी त्या काळी वेगासाठी कोणावर अवलंबून नव्हता.

पण ज्या मार्गावरून ही गाडी धावे त्याचीच कहाणी खटक्याहून मोठी आहे. मुंबईकडून येणारा रुंद रूळ वाडीमार्गे १८७४ साली सिकंदराबादेस पोहोचला होता. मराठवाड्यातून जाणारा मनमाडचा मार्ग १९०० च्या सुमारास खुला झाला. त्याचे नाव 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे'. तो मात्र मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांमधील अंतर बरोबर १००० मिलिमीटर. रुंद मार्गावर हेच अंतर १६७६ मिलिमीटर असते. अरुंद मार्गास खर्च कमी, हा हिशोब हिंदुस्थान सरकारने लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत १८७० च्या सुमारास केला होता. त्या ६७६ मिलिमीटरच्या बचतीची किंमत मनमाडास भरावी लागे. जालना, परभणी, नांदेडकडचा कापूस तेथपर्यंत एका गाडीने यावयाचा, आणि तेथे एकेक गाठ उतरवून रुंद मार्गाच्या डब्यात चढवावयाची. प्रवाशांचे बिछाने, ट्रंका आणि झोपलेली मुले यांचीही तीच गत. शतकभरात किती हमालांच्या पाठी त्या अंतराखाली वाकल्या असतील, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

या मार्गावर खिडकीतून पाहणाऱ्यास निसर्गातील बदलाचाही एक धडा मिळतो. हैदराबादेभोवती ग्रॅनाइटचे खडक आहेत. त्यांचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे. ऊन, पाऊस आणि वारा यांनी झिजून त्यांची तांबूस, भुरभुरीत माती होते. निजामाबाद मागे पडले, गोदावरीचा पूल ओलांडून गाडी बासरला आली आणि पुढे धर्माबादेवरून नांदेडकडे वळली, की जमीन हळूहळू काळी होत जाते. हा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या रसाने घडलेल्या बेसाल्टचा. त्याची झीज होऊन झालेली काळी माती ओल धरून ठेवते आणि कापूस पिकविते. कापूस पिकतो म्हणून गाड्यांना ओझे मिळाले. पण हीच माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडून आक्रसते. तिच्यावर घातलेला रेल्वेचा भराव मग कोठे खचतो, कोठे उचलला जातो, आणि कामगारांना खडी पुन्हा पुन्हा ठोकून रूळ समपातळीत आणावा लागतो. रेल्वेला पोसणारी माती तीच आणि रेल्वेला छळणारीही तीच! रूळ उष्णतेने वाढतो, माती पाण्याने वाढते. इंजिनिअरला दोहोंचे वेळापत्रक सांभाळावे लागते.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते धडे आपण पुस्तकात वाचतोच. बाष्पकात एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती साध्या दाबास सुमारे १६०० पट जागा मागते. ती जागा नाकारली म्हणजे दाब तयार होतो आणि दट्ट्या हलतो. वाफ निवून पुन्हा पाणी होते, म्हणून हा भौतिक बदल. परंतु भट्टीत जळालेला कोळसा पुन्हा कोळसा होत नाही. निजामाच्या रेल्वेला कोळसा मिळे तो गोदावरीच्याच खोऱ्यातील सिंगरेणीच्या खाणींतून. पंचवीस कोटी वर्षांहूनही आधीची अरण्ये गाडली जाऊन तो बनला. एवढ्या काळाची ठेव परभणीपर्यंतच्या एका रात्रीत धूर होऊन जाई. आजोबांच्या डोळ्यांत गेलेली कोळशाची कणी ही त्या अरण्याची शेवटची आठवण, असे आमच्यातील एक कवी म्हणाला, आणि वर्गाने त्यास माफ केले.

वाफेची इंजिने गेली, मग डिझेलची आली. १९९२ पासून देशातील मुख्य मार्ग एकाच मापाचे करण्याची योजना हाती घेण्यात आली. आपल्या मार्गाचे रुंदीकरण मनमाडच्या बाजूने सुरू झाले आणि टप्प्याटप्प्याने पुढे सरकत या शतकाच्या पहिल्या दशकात सिकंदराबादेस येऊन भिडले. मनमाडची उतरचढ संपली. आणि नव्या मार्गावर फटीही राहिल्या नाहीत, कारण रूळ एकमेकांस वितळवून जोडलेले आहेत.

ही जोडणी समजून घेताना आमच्या पाठ्यपुस्तकातील एका वाक्याविषयी आमचा गैरसमज दूर झाला. लोखंड गंजणे हा परत न फिरणारा बदल, असे आम्ही पाठ केले होते. रुळांच्या सांध्यावर वापरतात ते मिश्रण असते लोखंडाच्या ऑक्साइडचे आणि ॲल्युमिनिअमच्या भुकटीचे. लोखंडाचे ऑक्साइड म्हणजे जवळजवळ गंजाचाच भाऊबंद. हे मिश्रण पेटविले की ॲल्युमिनिअम त्यातील प्राणवायू हिसकावून घेते, सुमारे २५०० अंश उष्णता निर्माण होते आणि खाली शुद्ध लोखंडाचा रस वाहू लागतो. तो दोन रुळांच्या टोकांमधील साच्यात शिरून त्यांना एकजीव करतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट यांनी १८९० च्या दशकात ही रीत शोधली. गंज परतला खरा, पण फुकट नव्हे. लोखंड मोकळे झाले आणि त्याच्या जागी ॲल्युमिनिअम बांधले गेले. परत फिरणारा आणि न फिरणारा, अशा दोनच कप्प्यांत बदल बसविण्याची घाई करू नये, असे त्या दिवशी आम्हांस वाटले.

आता खरा प्रश्न उभा राहिला. फटच ठेवली नाही, तर ते २८५ मीटर गेले कोठे? याचे उत्तर आम्हांस दोन दिवस सुचले नाही. ते गेले नाहीत, रुळातच दबून राहिले. स्लीपर, त्यांना रूळ आवळणाऱ्या कड्या आणि खडीचा भार हे सारे मिळून रुळास लांबू देत नाहीत. ज्याला वाढावयाचे आहे त्यास वाढू दिले नाही, म्हणजे त्याच्या अंगात जोर साठतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात प्रत्येक अंशामागे जवळजवळ १.९ टनांचा रेटा निर्माण होतो. तापमान ३० अंश चढले की तो ५० टनांच्या पलीकडे जातो. म्हणून रूळ पक्का करताना त्या प्रदेशाच्या सरासरीहून थोडे वरचे तापमान निवडतात, म्हणजे उन्हाळ्यातील रेटा आणि हिवाळ्यातील ताण दोन्ही आवाक्यात राहतात. खडी कोठे कमी पडली तर भर दुपारी रूळ सापासारखा वाकतो. कडाक्याच्या थंडीत तो आक्रसू पाहतो आणि कच्च्या जागी तडकतो. यासाठी उन्हाळ्यात दुपारी आणि हिवाळ्यात रात्री रेल्वेचा माणूस रूळ पाहत पायी चालतो. आपण वातानुकूलित डब्यात झोपलेले असताना, काळ्या रानात कंदील अथवा विजेरी घेऊन तो एकटा त्या दाबलेल्या बदलावर नजर ठेवीत असतो. गाडी मुकी झाली, ती त्याच्या पायपिटीमुळे मुकी राहिली आहे.

हे सारे आम्ही आजोबांना वाचून दाखविले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी एक बदल असा पाहिला की त्यात रूळ तसूभरही हलला नाही." १९५६ ची दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी आली होती. सुटीसाठी ते काचीगुड्यास गाडीत बसले तेव्हा हैदराबाद राज्यातून हैदराबाद राज्यातच निघाले होते. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. सुटी संपवून ते परतले ते मुंबई राज्यातून आंध्र प्रदेशात! गाडी तीच, बाक तेच, गोदावरीचा पूल तोच. वर्गातील मराठवाड्याची मुले पुढे वर्षावर्षाने कमी होत गेली. १९५८ साली औरंगाबादेस (आजच्या छत्रपती संभाजीनगरास) मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि शिक्षणासाठी हैदराबादेकडे वाहणारा ओघ तिकडे वळला. आजोबांचे दोन जिवलग मित्र जामबागेतच राहिले, आजोबा परभणीस गेले. आज आमच्या वर्गात घरी मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि दुकानात दखनी बोलणारी जी मुले आहेत, त्यांतील काहींचे आजोबा म्हणजे त्या राहिलेल्यांपैकीच. यास भौतिक बदल म्हणावे की रासायनिक, असे आजोबांनी विचारले. आम्ही सरांकडे पाहिले. सरांनी खडू खाली ठेवला.

आजोबांना निरोप देण्यास आम्ही सहाजण काचीगुड्यास गेलो. १९१६ साली उभारलेल्या त्या घुमटाच्या इमारतीपुढे त्यांनी क्षणभर थांबून पाहिले. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाले, "फलाटाच्या पार शेवटी जाऊन उभे राहा, आणि डोळे मिटा." आम्ही धावत गेलो. स्थानकाबाहेर, जेथे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळवितात, त्या सांध्यांवर रुळांत अद्याप फट असते. गाडी सुटली. आम्ही डोळे मिटून कान दिला. शेवटचा डबा सांध्यावरून गेला आणि त्याच्या चारही जोडचाकांचा आवाज एकामागून एक स्पष्ट ऐकू आला: खटक-खटक, आणि किंचित थांबून पुन्हा खटक-खटक.