आलेक्झांड्रियाचे भुयार

इजिप्त देशात आलेक्झांड्रिया नावाचे मोठे बंदर आहे. सन १९०० मध्ये तिथे एक गाढव चालता चालता जमिनीत गडप झाले, असे सांगतात. पायाखालची जमीन खचली होती. लोक आत पाहतात तो काय, खडकात कोरलेले भलेमोठे भुयार! ते सुमारे १८०० वर्षांपूर्वीचे आहे. त्यात मेलेल्या माणसांना ठेवीत.

हे भुयार तीन मजली आहे. पण मजले वर चढत नाहीत, खाली उतरतात. मधोमध विहिरीसारखा खड्डा आहे. त्याच्याभोवती ९९ पायऱ्यांचा गोल जिना आहे. माणसे जिन्याने उतरत. प्रेत दोरांनी खड्ड्यातून खाली सोडीत.

आत एक जेवणघर आहे. तिथे दगडी ओटे आहेत. मेलेल्याची आठवण काढायला घरची माणसे येत. सोबत जेवत. जेवणाची मडकी परत नेत नसत, तिथेच फोडीत, असे म्हणतात. म्हणून त्या जागेचे नाव पडले ‘कोम अल शुकाफा’, म्हणजे खापरांची टेकडी.

आता खरी गंमत ऐका. हे शहर शिकंदर बादशहाने वसवले. तेव्हा ग्रीक लोक इथे आले. पुढे रोमन लोकांचे राज्य झाले. इजिप्तचे मूळ लोक तर होतेच. तिघांचे देव वेगळे, रीती वेगळ्या.

पण भुयारात पाहा. दारापाशी दोन नाग कोरले आहेत. त्यांच्या डोक्यावर इजिप्तच्या राजाचा मुकुट आहे. जवळ ग्रीक देवाची काठी आहे. आत अनुबिस उभा आहे. हा प्रेतांची राखण करणारा इजिप्तचा देव. त्याचे तोंड कोल्ह्याचे, पण पोशाख रोमन शिपायाचा!

राज्य रोमनांचे होते. तरी मरणाच्या वेळी त्या मातीतला देवच लोकांना जवळचा वाटला. आपले न सोडता त्यांनी शेजाऱ्याचेही घेतले.

वर शहरात मात्र नेहमीच शांती नव्हती. सन २१५ मध्ये रोमन बादशहा काराकाल्ला याने तिथे पुष्कळ माणसे मारवली. जमिनीखाली तिघांचे देव एका भिंतीवर नांदत होते. जमिनीवर माणसांना ते जमले नाही.

मंडळी, मेल्यावर जे जमते, ते जिवंतपणी का जमू नये?

प्रश्न
१. प्रेत खाली कसे नेत?
२. ‘खापरांची टेकडी’ हे नाव का पडले?
३. तुमच्या गावात शेजाऱ्यांकडून आलेली एखादी रीत आहे का? ती लिहा.